दीड सेंटिमीटरची जखम आणि एका फॅनने बदललेला टेनिसचा इतिहास

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, किंवा जे सकाळी हेडफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

३० एप्रिल १९९३. शुक्रवारची संध्याकाळ. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात, रोथेनबाउमच्या कोर्टवर महिला टेनिसची क्वार्टर फायनल चालू आहे. एका बाजूला बल्गेरियाची मॅग्डालेना मालेयेवा. दुसऱ्या बाजूला जगातली नंबर एकची खेळाडू, मोनिका सेलेस. वय वर्षं १९. पहिला सेट तिने ६-४ घेतलाय, दुसऱ्यात ४-३ ने पुढे आहे. बाजू बदलायची वेळ होते, दोघी आपापल्या खुर्चीवर येऊन बसतात. सेलेसची पाठ प्रेक्षकांकडे. मध्ये फक्त एक बुटका कठडा.

ती पाणी प्यायला जराशी पुढे वाकते. तेवढ्यात मागून एक माणूस कठड्यावरून झुकतो आणि तिच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, सुरी मारतो. साधी सुरी नाही, मांस हाडापासून सोडवायला वापरतात ती. तो दुसरा वार करणार इतक्यात सुरक्षा रक्षक त्याला खाली पाडतो. सेलेस किंचाळते, पाठीला हात लावत कोर्टवर चार पावलं जाते आणि खाली बसते.

जखम साधारण दीड सेंटिमीटर खोल. कणा थोडक्यात वाचला. ती त्या सेकंदाला पुढे वाकली नसती तर काय झालं असतं, याचा विचार न केलेलाच बरा.

पहिल्या काही तासांत सगळ्यांना वाटलं की हे राजकारण आहे. सेलेसचा जन्म युगोस्लाव्हियातला, आणि १९९३ म्हणजे तिकडे युद्ध पेटलेलं. तिला आधी धमक्याही आल्या होत्या. पण पकडलेल्या माणसाने पोलिसांना जे सांगितलं ते ऐकून सगळेच चक्रावले. त्याचं सेलेसशी तसं काही वैरच नव्हतं. त्याला फक्त स्टेफी ग्राफ परत नंबर एकवर हवी होती.

तर आजचा विषय हा. एका फॅनने आपल्या आवडत्या खेळाडूसाठी काय केलं, आणि मला त्याहून जास्त त्रास देणारा भाग, म्हणजे त्यानंतर बाकीच्या शहाण्या लोकांनी काय केलं.

आधी सेलेस कोण ते बघू, कारण आपल्या वयाच्या बऱ्याच जणांना ग्राफ माहीत असते (निदान आंद्रे अगासीची बायको म्हणून तरी) पण सेलेस हे नाव क्विझपुरतंच उरलंय.

मोनिकाचा जन्म २ डिसेंबर १९७३ चा, नोव्ही साद या गावचा. घर हंगेरियन भाषिक. वडील कारोली सेलेस व्यंगचित्रकार होते. टेनिसचे कोच वगैरे अजिबात नव्हते. पण मुलीला खेळायचंय म्हटल्यावर त्यांनी पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये दोरी बांधून नेट केलं आणि तिला मजा यावी म्हणून बॉलवर टॉम आणि जेरीची चित्रं काढून द्यायला सुरुवात केली. बॉलवर जेरी, आणि तू त्याला मारायचंस! मला हा माणूस फार आवडतो. लहानपणी रॅकेट जड जायची म्हणून ती दोन हातांनी धरायची, आणि ती सवय तशीच राहिली. फोरहँड दोन हातांनी, बॅकहँडही दोन हातांनी. १९८६ मध्ये कुटुंब अमेरिकेत फ्लोरिडाला गेलं, निक बोलेतिएरीच्या अकॅडमीत.

१९९० मध्ये, वयाच्या १६ व्या वर्षी, तिने फ्रेंच ओपन जिंकलं. फायनलमध्ये समोर स्टेफी ग्राफ. त्यानंतर जे झालं त्याचे आकडे मी दोनदा तपासले, कारण पहिल्यांदा वाचल्यावर टायपिंगची चूक वाटली. जानेवारी १९९१ ते जानेवारी १९९३ या काळात ती ८ ग्रँड स्लॅम स्पर्धा खेळली. त्यात मॅचेस ५६. जिंकल्या ५५. हरली एकच, १९९२ ची विम्बल्डन फायनल, ग्राफविरुद्ध. विसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत तिच्या नावावर ८ ग्रँड स्लॅम झाली होती.

ती सगळ्यांना आवडायची असं मात्र नाही. प्रत्येक शॉटला ती जोरात ओरडायची, आणि १९९२ च्या विम्बल्डनला त्यावरून एवढा गदारोळ झाला की प्रतिस्पर्ध्यांनी अंपायरकडे तक्रारी केल्या, इंग्लंडच्या पेपरांनी तिचा आवाज मोजायला यंत्रं लावली. फायनलमध्ये ती जवळपास गप्प राहून खेळली आणि २-६, १-६ अशी हरली. हे सांगायचं कारण म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यात चित्र ठरलेलं होतं. ग्राफ म्हणजे शांत, सुंदर, शिस्तीची. सेलेस म्हणजे मध्येच घुसलेली, ओरडणारी, खिदळणारी पोर.

आता ग्राफची बाजू. १९८८ मध्ये तिने एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम आणि सोल ऑलिंपिकचं सोनं जिंकलं होतं. सलग १८६ आठवडे नंबर एक. १९९० च्या मे महिन्यात बर्लिनच्या फायनलला ती उतरली तेव्हा सलग ६६ मॅचेस जिंकून आली होती. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. आणि तिथे सेलेसने तिला ६-४, ६-३ असं सरळ हरवलं. मार्च १९९१ मध्ये नंबर एकही गेला.

बर्लिनची ती हार जर्मनीत लाखो लोकांच्या जिव्हारी लागली असणार. आपण नाही का, २०२३ च्या १९ नोव्हेंबरला टीव्ही बंद करून न जेवता झोपलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो, स्टँडअपमध्ये तोंड पाडून अपडेट दिला, आठवड्याभरात ठीक झालो.

एक माणूस ठीक झाला नाही. त्याचं नाव गुंथर पार्शे, आणि मी ते या भागात एकदाच घेणार आहे. १९९३ मध्ये त्याचं वय ३८. थुरिंगिया भागातल्या, म्हणजे आधीच्या पूर्व जर्मनीतल्या, एका छोट्या गावचा. लेथवर काम करणारा टर्नर होता, नोकरी सुटलेली. लग्न नाही, मित्र जवळपास नाहीत, मावशीकडे राहायचा. खोलीच्या भिंतींवर स्टेफी ग्राफ. तिच्या डोळ्यांना हिऱ्यांची आणि केसांना रेशमाची उपमा देऊन तो तिच्याबद्दल बोलायचा. ग्राफला यातलं काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. बर्लिनच्या फायनलनंतर आपलं सगळं जगच कोसळलं, असं त्याने पुढे सांगितलं.

आणि त्याने हेही सांगितलं की सेलेसला मारून टाकायचा त्याचा इरादा नव्हता. तिला फक्त काही आठवडे खेळता येऊ नये, एवढंच हवं होतं.

इथे मी थांबलो होतो. रेकॉर्डिंगच्या तयारीत हे वाक्य वाचलं आणि लॅपटॉप बंद करून चहा करायला उठलो. कारण मला १४ जुलै २०१९ आठवला. क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल आणि विम्बल्डनची फायनल एकाच रविवारी होती, आठवतंय? हॉस्टेलच्या खोलीत एका स्क्रीनवर लॉर्ड्स, दुसऱ्यावर सेंटर कोर्ट. मी कट्टर फेडरर फॅन. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, दोन चॅम्पियनशिप पॉइंट फेडररच्या हातात, आणि जोकोविचने दोन्ही वाचवले. तेव्हा मी मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "याचा पाय मुरगळू दे यार, फक्त आजचा दिवस." सगळे हसले. मीही हसलो.

मी त्या माणसासारखा आहे असं अजिबात म्हणत नाही. इच्छा आणि सुरी यांच्यात फार मोठं अंतर असतं. पण इच्छेचे शब्द जवळपास तेच होते, हे मला नाकारता येईना.

असं याआधी झालं नव्हतं का? झालं होतं, आणि ती गोष्ट सांगायलाच हवी, कारण दोन्ही शेजारी ठेवल्या की काहीतरी दिसतं.

शिकागो, १४ जून १९४९. एजवॉटर बीच हॉटेल. एडी वेटकस नावाचा बेसबॉल खेळाडू, फिलाडेल्फिया फिलीजचा फर्स्ट बेसमन, तिथे टीमबरोबर उतरलाय. रात्री त्याला एक चिठ्ठी मिळते: फार महत्त्वाचं काम आहे, माझ्या खोलीत भेटायला या. लिहिणारीने खोटं नाव लिहिलेलं. तो जातो. खोलीत १९ वर्षांची एक मुलगी असते. ती कपाटातून रायफल काढते आणि त्याच्या छातीत गोळी मारते. मग स्वतःच हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करून सांगते की मी एका माणसाला गोळी घातली आहे.

ती विमा कंपनीत टायपिस्ट होती. वेटकस आधी शिकागो कब्जकडून खेळायचा, तेव्हापासून ती त्याच्यात अडकलेली. घरी त्याच्या फोटोंचं देवघर केलेलं. जेवायला बसताना टेबलावर त्याच्यासाठी रिकामी जागा मांडायची. तो लिथुआनियन वंशाचा म्हणून ती लिथुआनियन भाषा शिकायला लागली. आणि मग १९४८ च्या शेवटी कब्जने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. आपला माणूस आपल्याला न विचारता गाव सोडून गेला!

वेटकस वाचला. पुढच्याच सीझनला, १९५० मध्ये, परत उतरला आणि फिलीजने त्या वर्षी नॅशनल लीग जिंकली. त्या मुलीवर खटला चालला नाही. तिला मनोरुग्णालयात ठेवलं, १९५२ मध्ये सोडलं, आणि ती २०१२ पर्यंत, ८३ वर्षांची होईपर्यंत, शिकागोतच कुणाच्या नजरेत न येता जगली. बर्नार्ड मॅलमडची 'द नॅचरल' ही कादंबरी १९५२ ला आली, तिच्यातला गोळीबाराचा प्रसंग ज्यांना खरा वाटत नाही त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. रॉबर्ट रेडफर्डचा १९८४ चा सिनेमा त्याच कादंबरीवरचा.

दोन गोष्टींत फरक बघा. शिकागोच्या मुलीने ज्याच्यावर जीव टाकला त्यालाच गोळी घातली. हॅम्बुर्गच्या माणसाने आपल्या देवाला हातही लावला नाही, त्याने देवाच्या वाटेतला अडथळा काढला. त्याच्या डोक्यात ते भांडण नव्हतंच, ती सेवा होती.

अमेरिकेतल्या डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ मध्ये टीव्हीबद्दल लिहिताना 'पॅरासोशल' हा शब्द आणला. पडद्यावरचा माणूस थेट माझ्याशी बोलतोय, आम्ही एकमेकांना ओळखतो, असं वाटणारं एकतर्फी नातं. आपल्या सगळ्यांची अशी चार-पाच नाती असतात (तुम्ही माझा आवाज दर आठवड्याला ऐकता, मी तुम्हाला ओळखतही नाही, हेही त्यातलंच). बहुतेक वेळा त्यातून वाईट काही होत नाही. एकट्या पडलेल्या माणसाला तर आधारच मिळतो. पण त्या माणसाकडे दुसरं कुठलंच नातं शिल्लक नसेल, तर एका टेनिस मॅचचा स्कोअर त्याच्या आयुष्याचा स्कोअर होऊन बसतो.

बरं, हे झालं हल्लेखोराचं. आता मला ज्या भागाचा राग येतो तो.

पहिली गोष्ट, स्पर्धा थांबली नाही. जगातली नंबर एकची खेळाडू त्या कोर्टवर सुरी लागून हॉस्पिटलमध्ये आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी पुढची मॅच. ग्राफ हॉस्पिटलमध्ये सेलेसला भेटून आली, दोघी रडल्या, भेट काही मिनिटांचीच. मग ग्राफ फायनल खेळली आणि अरांचा सांचेझ व्हिकारियोकडून हरली. तिच्या मनात तेव्हा काय चाललं असेल याची कल्पना करवत नाही. तिने काहीच केलं नव्हतं, आणि सगळं तिच्या नावाने झालं होतं.

दुसरी गोष्ट, रँकिंग. सेलेस बरी होईपर्यंत तिचा नंबर एक गोठवून ठेवायचा का, असा प्रश्न आला. हॅम्बुर्गनंतर रोमला जमलेल्या आघाडीच्या खेळाडूंची मतं घेण्यात आली. त्यांनी नाही म्हटलं. गॅब्रिएला सबातिनी एकटी तटस्थ राहिली. ग्राफ रोमला खेळत नव्हती, त्यामुळे ती त्या मतदानात नव्हती. व्यवहाराच्या दृष्टीने कारण समजतं. रँकिंगवर सीडिंग ठरतं, सीडिंगवर ड्रॉ, ड्रॉवर पैसे. वरची एक जागा अडवून ठेवली की खालच्या प्रत्येकीला एक पायरी खाली बसावं लागतं. पण ते ज्या कारणाने रिकामं झालं ते कारण बघता, हे मतदान वाचताना अंगावर काटा येतो. कुणीतरी सुरी मारून खुर्ची रिकामी केली, आणि नियमाप्रमाणे ती खुर्ची पुढच्या माणसाला देण्यात आली.

७ जून १९९३ ला स्टेफी ग्राफ परत नंबर एक झाली. हल्ल्याला सहा आठवडेही झाले नव्हते. त्या माणसाला नेमकं जे हवं होतं तेच.

तिसरी गोष्ट, कोर्ट. टेनिसचं नाही, न्यायालयाचं. ऑक्टोबर १९९३ मध्ये हॅम्बुर्गला खटला चालला. त्याने गुन्हा कबूल केला होता. मानसिक स्थिती पूर्ण ठीक नाही, हे न्यायालयाने विचारात घेतलं आणि गंभीर दुखापतीसाठी दोन वर्षांची शिक्षा दिली, तीही स्थगित. म्हणजे अटकेत काढलेले साधारण सहा महिने सोडले तर तुरुंग नाही. तो घरी गेला. सेलेसच्या बाजूने अपील झालं, १९९५ मध्ये पुन्हा सुनावणी झाली, निकाल तोच राहिला. तिने जर्मन टेनिस संघटनेवर नुकसानभरपाईचा दावा लावला, तोही हरली. त्यानंतर ती जर्मनीत कधीच खेळली नाही. कुणी विचारलं तर तिचं म्हणणं सरळ होतं की ज्या देशाने त्या माणसाला शिक्षा दिली नाही तिथे मी कशाला जाऊ.

आजारी माणसाला तुरुंगात सडवा असं मी म्हणत नाही. पण शिकागोत त्या मुलीला निदान तीन वर्षं हॉस्पिटलात ठेवून बघितलं. इथे ना तुरुंग, ना हॉस्पिटल.

आणि सेलेस? पाठीची जखम काही आठवड्यांत भरली. ती परतली मात्र दोन वर्षांहून जास्त काळाने. मधल्या काळात वडिलांना कॅन्सर निघाला. रात्री झोप येईना, डोळे मिटले की तो क्षण परत दिसायचा. ती खायला लागली. भूक नसताना, एकटी, लपून, पोट दुखेपर्यंत. २००९ च्या आत्मचरित्रात तिने हे सगळं उघड लिहिलंय, वजनाबद्दल लोक काय बोलायचे तेही. आज आपण ट्रॉमा हा शब्द इन्स्टावर ब्रेकअपलाही वापरतो, पण १९९३ च्या क्रीडाजगात तो फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. 'दीड सेंटिमीटरची तर जखम, मग खेळत का नाही?' हा प्रश्न तिच्याबद्दल खरोखर विचारला जायचा.

जुलै १९९५ मध्ये अटलांटिक सिटीला मार्टिना नवरातिलोवाबरोबर एका प्रदर्शनी सामन्यात ती परत दिसली. ऑगस्टमध्ये टोरंटोची स्पर्धा जिंकली, फायनल ६-०, ६-१! संघटनेने तिला ग्राफबरोबर संयुक्त नंबर एक दिला. उशिरा का होईना. मग यूएस ओपनची फायनल, समोर ग्राफ. पहिला सेट टायब्रेकला गेला, ६-५ वर सेलेसला सेट पॉइंट, तिने सर्व्हिस मारली आणि तिला वाटलं एस गेली, सेट जिंकला. लाइनवरून आवाज आला, 'आउट'. ती सेट हरली, दुसरा ६-० ने जिंकली, तिसरा ३-६ हरली. यूट्यूबवर ही मॅच आहे. जमलं तर बघा, आणि मॅच संपल्यावर नेटजवळ दोघींचे चेहरे बघा.

जानेवारी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं. ते तिचं शेवटचं ग्रँड स्लॅम. मे १९९८ मध्ये वडील गेले आणि काही दिवसांतच ती त्यांची अंगठी गळ्यातल्या साखळीत घालून फ्रेंच ओपनला उतरली. फायनलपर्यंत गेली. २००३ नंतर खेळली नाही, निवृत्ती २००८ मध्ये जाहीर केली. बॉलवर जेरी काढून देणारा माणूस गेला ते वर्ष मला तिच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त लक्षात राहतं.

तर आता आकडे. मी डेटाबेसचं काम करतो, त्यामुळे टेबल दिसलं की माझा हात आपोआप सॉर्ट बटणाकडे जातो. महिला टेनिसमध्ये ग्रँड स्लॅम एकेरीचं टेबल उघडा. ग्राफ २२. सेलेस ९. चूक काहीच नाही, प्रत्येक आकडा बरोबर आहे. पण ३० एप्रिल १९९३ ला एक रेघ मारा. ग्राफची त्या तारखेआधी ११ आणि त्या तारखेनंतर ११. सेलेसची त्या तारखेआधी ८ आणि नंतर १. टेबलात या रेघेसाठी कॉलमच नाही.

याचा अर्थ ग्राफची नंतरची अकरा खोटी, असं नाही. ती कदाचित सेलेस असतानाही जिंकली असती. ग्राफ थोर होती, पहिल्या अकरांवरूनच ते कळतं. पण 'ग्रेटेस्ट कोण' या वादात लोक २२ हा आकडा तोंडावर फेकतात तेव्हा ते नकळत त्या संध्याकाळचा निकालही मान्य करत असतात. या गुन्ह्याचा फायदा ज्या व्यक्तीसाठी केला तिच्या खात्यात कायमचा जमा झाला, तिची इच्छा नसताना, आणि तो तिलाही परत करता येत नाही. ग्राफलाही त्या माणसाने लुटलंच. तिच्या १९९३ च्या विम्बल्डनबद्दल 'हो, पण...' न म्हणता कुणी बोलत नाही.

तुम्ही म्हणाल तीस वर्षं झाली. तो माणूसही २०२२ मध्ये गेला. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये दुबईला एमा रादुकानू मॅच चालू असताना अचानक अंपायरच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, रडत. आधीपासून तिच्या मागावर असलेला एक माणूस पहिल्या काही रांगांत बसलेला तिला दिसला होता. त्याला बाहेर काढलं, आणि ती परत येऊन खेळली. १९९३ ला थुरिंगियातून हॅम्बुर्गला जायला ट्रेन लागायची. आता खेळाडू कुठल्या हॉटेलात उतरला हे त्याच्या स्टोरीच्या खिडकीतून दिसणाऱ्या इमारतीवरून शोधणारे लोक आहेत.

आणि आपल्याकडे? मार्च २०२४, आयपीएल. कोल्हापूरजवळच्या एका गावात काही जण मुंबई विरुद्ध हैदराबाद मॅच बघत होते. रोहित शर्मा आउट झाला. साठी ओलांडलेले एक गृहस्थ, चेन्नईचे फॅन, त्यावरून बोलले. दोघांनी त्यांना मारहाण केली. ते काही दिवसांनी गेले. त्या वर्षी वानखेडेवर हार्दिक पंड्याला मुंबईचेच प्रेक्षक हुर्यो करत होते, रोहितच्या जागी कॅप्टन झाला म्हणून. टॉसच्या वेळी संजय मांजरेकरांना माइकवर प्रेक्षकांना सांगावं लागलं, नीट वागा. त्या हुर्योचे मीम मीही फॉरवर्ड केले होते. कोल्हापूरची बातमी आली त्या दिवशी आमच्या ग्रुपवर कुणीच काही टाकलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत मीम सुरू.

हॅम्बुर्गनंतर एक गोष्ट मात्र बदलली. पुढच्या वेळी मोठी टेनिस मॅच लावाल तेव्हा चेंजओव्हरला स्क्रोल करू नका. खेळाडू खुर्चीवर बसला की मागे सुरक्षेची माणसं येऊन उभी राहतात. त्यांची पाठ कोर्टकडे असते. मॅच बघायला सगळ्यात जवळची जागा त्यांची, आणि ते ती बघत नाहीत. ते आपल्याकडे बघत असतात.

भेटू पुढच्या भागात.